अक्कांचं विरजण

माझ्या हातून आजवर एकच खून झाला आहे, आणि तोही सॅनिटायझरनं. मयताचं वय पन्नासच्या वर होतं, प्रकृती ठणठणीत होती आणि त्याच दिवशी सकाळी ते मोठ्या विश्वासानं माझ्या हवाली करण्यात आलं होतं. तासाभरात मी त्याचा निकाल लावला. पण मयताविषयी बोलण्याआधी ते ज्यांच्या घरचं होतं त्या बाईंविषयी सांगायला हवं. नाहीतर माझा गुन्हा केवढा मोठा होता हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

नांदेडला मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, त्या या मालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. वय सत्तरच्या पुढचं, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि आवाज मात्र माझ्यासारखे दोघे तिघे उभे केले तरी भारी पडेल असा. यजमान सिंचन खात्यात होते, ते वारून बरीच वर्षं झालेली. मुलगी हैदराबादला. घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय करता?"

"प्राध्यापक आहे. मराठीचा."

"म्हंजे मास्तर."

"नाही, कॉलेजात शिकवतो."

"म्हंजे मोठ्या पोरांचे मास्तर," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पीएच.डी.चा उल्लेख मी पुढं अनेकदा करून पाहिला. मास्तरच राहिलो.

घराचे नियम त्यांनी पायरीवर उभं राहूनच सांगितले. फाटकाची कडी खालून लावायची. टाकी भरली की मोटार बंद करायची, मनात दुसरे विचार असले तरी. आणि तिसरा नियम सांगताना त्यांनी डावीकडच्या कंपाउंडच्या भिंतीकडं न बघता बोट केलं. "त्या अंगाला आपलं काही काम नसतं."

भिंतीपलीकडं एक मावशी राहायच्या. दोघींचं अकरा वर्षांपासून बोलणं बंद होतं. कारण मला गल्लीतूनच कळलं. कुणाच्या तरी हळदीकुंकवाला भर बायकांत अक्का म्हणाल्या होत्या की यंदा हिच्या कुरडया काळ्या पडल्या. एवढंच. मी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, एवढ्याशा गोष्टीवरून?" तर म्हणाल्या, "एवढीशी कशी? मी खरं बोलले. काळ्याच होत्या." म्हणजे भांडण मिटवायला एकच मार्ग उरला होता, त्या वर्षीच्या कुरडया पुन्हा पांढऱ्या करण्याचा.

अक्कांची माझ्याशी बोलायची पद्धत वेगळी होती. तळमजल्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत भिंतीला धरून लोखंडी नळ गेला होता. त्या खालून त्याच्यावर पळी वाजवायच्या. एक ठोका म्हणजे नळाला पाणी आलं, मोटार लावा. दोन म्हणजे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तुमच्यासाठी काहीतरी ठेवलंय. तीन म्हणजे खाली या, मला बोलायचंय. तीन ठोके ऐकले की कॉलेजच्या प्राचार्यांनी बोलावल्यावर येत नाही तेवढा घाम मला यायचा.

मग ती महामारी आली आणि जगातले सगळे लोक एकमेकांपासून सहा फूट लांब उभं कसं राहायचं ते शिकायला लागले. आमच्या घरात ती सोय आधीपासूनच होती.

बायको आणि मुलगी तेव्हा मुरुडला होत्या. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून आठ दिवसांसाठी गेल्या आणि जिल्ह्याची हद्द बंद झाली. पुढं वाट मोकळी झाली तोवर सासरे पुन्हा आजारी पडले. मी नांदेडात एकटा. स्वयंपाकात माझी गती खिचडीपर्यंत, आणि तिथंही मीठ कधी घातलं होतं ते आठवायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी सलग पाच दिवस खिचडी केली. सहाव्या दिवशी दोन ठोके पडले. तिसऱ्या पायरीवर झाकलेली वाटी. वाटीत दही.

त्या दह्याचं वर्णन करायचं तर मराठीचा प्राध्यापक असून माझी पंचाईत होते. चमचा घातला की सरळ काप पडायचा आणि त्या कापात पाणी सुटायचं नाही. आंबट नाही, गोडही नाही. दूध मोठं होऊन शहाणं झालं की जसं होईल तसं. त्या दिवशी मी खिचडी बाजूला ठेवून नुसतं दही खाल्लं आणि वाटी बोटानं पुसली. पुढं रोज संध्याकाळी दोन ठोके पडायचे. बाहेर काय चाललंय हे ऐकून दिवसभर छातीत धडधड व्हायची. त्या दोन ठोक्यांनी ती थांबायची. आज लोक विचारतात तो काळ कसा काढला, तर मी सांगतो, दह्यावर.

हे दही अक्का दगडाच्या वाटीत लावायच्या. आमच्याकडं तिला दगडी म्हणतात. विरजण त्यांच्या आईचं, कंधारजवळच्या गावचं. लग्न होऊन आल्या तेव्हा बाकी सामान बैलगाडीत होतं आणि विरजणाचा डबा मांडीवर. तेव्हापासून रोज संध्याकाळी आजच्या दह्यातला चमचाभर उद्याच्या दुधात. यजमान वारले त्या दिवशीसुद्धा. "घरात सुतक होतं," त्या म्हणाल्या, "दुधाला न्हवतं."

दूध कोमट किती हवं याचं मोजमाप त्यांच्या करंगळीत होतं. करंगळी बुडवून सावकाश दहा मोजायचे. सातलाच काढावीशी वाटली तर दूध गरम, दहा झाले तरी काही वाटलं नाही तर गार. मी विचारलं, "आणि दहाला बरोबर काढावीशी वाटली तर?" तर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तर मास्तर, गप झाकण ठेवायचं."

त्यांच्या टीव्हीवर बातम्या लागायच्या, पण आकडे सुरू झाले की त्या उठून बंद करायच्या. "आकडे ऐकून भाकर गोड लागत न्हाई," म्हणायच्या. मास्कचा तुटवडा होता तेव्हा त्यांनी पेटी उघडली. ओटीत आलेले ब्लाऊजपीस. आपल्याकडं हे कापड कुणी शिवत नसतं, ते एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतं. अक्कांनी त्या सगळ्या फिरस्त्यांना एकदाचं मुक्कामाला लावलं आणि गल्लीभर मास्क वाटले. भिंतीपलीकडचं एक घर सोडून. माझ्या वाट्याला जांभळा आला, जरीच्या काठाचा. मी तो लावून कॉलेजच्या कामासाठी गेलो तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, नाकाला पैठणी नेसवली का?"

पण अक्का काय चीज आहे हे मला खरं कळलं ते वर्गात. ऑनलाइन वर्ग मी गच्चीवरून घ्यायचो, कारण रेंज फक्त टाकीशेजारी यायची. त्या दिवशी वाक्प्रचार शिकवत होतो. "आनंदावर विरजण पडणे म्हणजे आनंदाचा विरस होणे," असं म्हटलं आणि वाक्यात उपयोग सांगणार इतक्यात नळावर तीन ठोके.

मी दुर्लक्ष केलं. पुन्हा तीन. मोबाइल हातात धरून जिन्यापर्यंत गेलो. खालून आवाज आला, "काय शिकवून ऱ्हायलात पोरांना?"

"वाक्प्रचार आहे अक्का. विरजण पडणे."

"दुधावर विरजण पडलं तर काय होतं?"

"दही होतं."

"मग वाईट काय झालं?"

"म्हणजे... तसा अर्थ रूढ आहे."

"कुणी केला रूढ? ज्यानं केला त्यानं कधी दही लावलं न्हाई. दूध एका दिसाचं असतं. विरजण पडलं तर पुढं चालतं. आनंदावर पडलं तर तो बी टिकंल की. पोरांना नीट सांगा."

माझा माइक चालू होता. सगळ्या वर्गानं ऐकलं. मी गच्चीवर परत आलो तेव्हा पडद्यावर एका मुलीनं लिहिलं होतं, "सर, अक्का बरोबर आहेत." खाली बाकीच्यांनी अंगठे दाखवले होते. वीस वर्षं मी हा वाक्प्रचार शिकवत होतो आणि त्यात दूध कुठं जातं याचा विचार एकदाही केला नव्हता. त्यानंतर हजेरी वाढली. माझ्यासाठी नाही. मुलं मध्येच विचारायची, "सर, आज अक्का वाजवणार नाहीत का?"

पावसाळा सरता सरता अक्कांना ताप आला. "पावसाळी ताप हाय," म्हणून त्यांनी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी तपासणी झाली आणि पाचव्या दिवशी सकाळी गाडी दारात. पांढऱ्या किटातले दोघे जण उतरले. मी वरच्या जिन्यातून बघत होतो. अक्का हातात कापडी पिशवी आणि काखेत दगडी धरून बाहेर आल्या. किटातला एक जण म्हणाला, "आजी, चला लवकर."

"आले की. जित्ती वस्तू हाय, अशीच टाकून येऊ का?"

त्यांनी दगडी तिसऱ्या पायरीवर ठेवली, चार पावलं मागं सरल्या आणि वर बघितलं. दम लागत होता, तरी बोलल्या. "मास्तर, सांजच्याला लावायचं. करंगळी ध्यानात हाय ना? एक दिस चुकला तर चालंल. दोन चुकले तर मेलं म्हणून समजा." मग गाडीत बसल्या. हैदराबादच्या लेकीला फोन त्यांनी गाडीतून केला. आधी विरजण, मग लेक.

आता खून.

त्या दिवसांत मी काय काय करत होतो ते आठवलं की आजही कान गरम होतात. वर्तमानपत्राला इस्त्री करायचो. कोथिंबीर साबणानं धुतली होती. त्या दिवशीच्या वरणाला फेस आला. आणि आता माझ्यासमोर जी वाटी होती ती पाच दिवस ताप असलेल्या बाईनं काखेत धरलेली होती. मी हातमोजे घातले, फवाऱ्याची बाटली आणली आणि बाहेरून सगळीकडून मारलं. दगड ते पीत गेला, तसतसं मी मारत गेलो. मग वाटलं, झाकणाच्या आतल्या बाजूचं काय? झाकण उचललं, तिथं मारलं. थोडं आत उडालं. थोडं म्हणजे, आता लपवण्यात अर्थ नाही, एक फवारा मी मुद्दाम आतही मारला.

संध्याकाळी त्यातलाच चमचा दुधात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध जसंच्या तसं. फक्त वास असा की कुणीतरी आता दंडाला कापूस लावणार. दगडी तीनदा घासली, वास गेला नाही. उरलेलं तुळशीत ओतलं. पुढच्या आठवड्यात तुळसही वाळली.

तोवर माझी तपासणी होऊन आली होती, काही निघालं नव्हतं. पण फाटकाला महापालिकेनं बांबू बांधले होते. चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. आणि दही न लागलेल्या त्याच दिवशी दुपारी दवाखान्यातून अक्कांचा फोन.

"लागलं का?"

"लागलं की. मस्त लागलं."

"तार येती का?"

तार म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण चांगलंच काहीतरी असणार अशा भरवशावर मी म्हटलं, "येते तर. चांगली लांब येते."

"मास्तर, तार आली म्हंजे दही बिघडलं."

"नाही म्हणजे, तशी तार नाही."

"मग कशी?"

"बारीक."

त्यांनी फोन ठेवला.

मी मुरुडला बायकोला फोन करून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "अहो, दह्याला कुणी सॅनिटायझर लावतं का?"

मग मी दुसरी लबाडी केली. दुकानातलं पिशवीचं दही मागवलं, डब्यात ओतलं आणि गल्लीतल्या रिक्षावाल्या चाचांच्या हाती दवाखान्याच्या दारापर्यंत पाठवलं. चाचा बांबूपलीकडून डबा घेताना म्हणाले, "सर, अम्मा के घर का है ना? बोले तो अच्छी हो जाएंगी." मी मान हलवली. संध्याकाळी अक्कांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "मास्तर, मला पिशवीतलं पाठवून ऱ्हायलात? जिभंला चव न्हाई, डोळं गेलं न्हाईत."

चौथ्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "सर, तुमच्या पेशंट जेवत नाहीत. आल्यापासून घास घेतलेला नाही, नुसतं पाणी. आज ऑक्सिजन खाली आलाय. या वयात पोटात काही नसलं तर औषधं सोसणार कशी? त्यांना सगळं कागदासारखं लागतंय. म्हणतात, घरचं दही आलं तर भात जाईल. एवढं दही पाठवायला काय होतंय तुम्हाला?"

मी "पाठवतो" म्हणून फोन ठेवला.

सांज होत आली होती. मी खाली अंगणात दगडी चौथ्यांदा घासत बसलो होतो. डोळ्यात पाणी होतं, ते राखेमुळं असं मी स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "सर, जेवली का ती?"

पलीकडच्या मावशी. इतकी वर्षं तिथं राहून मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. नियम मोडून भिंतीकडं बघितलं. डोक्यावर पदर आणि नाकाला रुमाल, मधे दोन डोळे.

"नाही," मी म्हटलं. आणि मग मला थांबवता आलं नाही. फवारा, तार, पिशवी, सगळं सांगून टाकलं. माझं झाल्यावर त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, झालं, आता आपल्याशी हेही घर बोलणार नाही.

त्या परत आल्या तेव्हा हातात स्टीलची वाटी होती.

"हे तिचंच हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरल्याच्या बारशाला तिच्याकडून आणलं होतं. तवापासून चालूच हाय."

मला कळायला वेळ लागला. "पण तुमचं तर... अकरा वर्षं..."

"भांडण तिच्याशी झालं, सर. दह्याशी न्हाई."

मी तिथंच उकिडवा बसून राहिलो. मला कुणाचा राग आला की मी त्याचा फोन नंबर काढून टाकतो, त्यानं दिलेली पुस्तकं रद्दीत घालतो. आणि ही बाई अकरा वर्षं रोज संध्याकाळी, जिचं तोंड बघायचं नाही तिचं दही चमचाभर काढून आपल्या दुधात घालत होती, झाकून ठेवत होती, सकाळी लेकराबाळांना वाढत होती. त्याबद्दल कधी कुणाला एक शब्द बोलली नव्हती.

मी हात पुढं केला, तर त्यांनी वाटी मागं घेतली. "दिवे लागलेत. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नसतात."

"मग सकाळी घेतो."

"सकाळी लावाल तर सांजंला लागंल. तवर ती उपाशी ठेवता का?" त्यांनी जरा विचार केला. मग वाटी भिंतीवर ठेवली आणि पाठ फिरवून, जणू तुळशीशी बोलतायत अशा आवाजात म्हणाल्या, "मी कुणाला दिलं न्हाई. इथं ठेवून आत चालले. मांजरानं नेलं तर मला ठाव न्हाई."

त्या आत गेल्या. मी, मराठी विभागाचा ज्येष्ठ प्राध्यापक, चवड्यावर उभा राहिलो आणि भिंतीवरची वाटी चोरली. शास्त्रात कसर नको म्हणून हळूच "म्याँव" म्हटलं. आतून हसण्याचा आवाज आला, तो पदरानं दाबलेला.

वर येऊन दूध तापवलं. करंगळी बुडवली, मोजायला लागलो. सातला गरम वाटलं, थांबलो. पुन्हा बुडवली, आठला काढली. तिसऱ्यांदा दहाला बरोबर काढावीशी वाटली. गप झाकण ठेवलं. स्टीलच्या डब्याला जुना स्वेटर गुंडाळला. सकाळी झाकण काढलं तेव्हा मी हातमोजे घातले नव्हते. चमचा घातला. सरळ काप पडला. चाखून मात्र पाहिलं नाही, माझ्या तोंडाचा चमचा त्यात नको म्हणून. चाचा बांबूपाशी येऊन उभे होते.

दुपारी सिस्टरचा फोन आला. "जेवल्या," त्या म्हणाल्या. "सगळा भात खाल्ला. फक्त तळाचं चमचाभर दही ठेवलंय. घ्या म्हटलं तर म्हणतात, असू दे."

मी भिंतीपाशी गेलो. मावशी तिथं आधीपासून कपडे वाळत घालत होत्या, एकच टॉवेल पुन्हा पुन्हा झटकत. "खाल्लं," मी म्हटलं. त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. "आंबट तर न्हवतं ना?" मी म्हटलं, नव्हतं. मला काय माहीत?

तिसऱ्या दिवशी सिस्टरचा पुन्हा फोन आला. सूर तक्रारीचा होता. "सर, तुमच्या अक्कांना समजवा. त्या वॉर्डात दही लावतात."

रोज संध्याकाळी पेशंटना हळदीचं दूध मिळायचं. अक्कांनी ते न पिता पेल्यात ठेवलं, त्या राखलेल्या चमचाभर दह्यानं विरजलं आणि पेला स्वतःच्या कानटोपीत घालून उशाशी ठेवला. सकाळी पिवळं दही. शेजारच्या खाटेवर भोकरची एक बाई होती, तिच्याही तोंडात काही जात नव्हतं. पहिला चमचा तिला. दुसऱ्या दिवशी चार पेले, चार कानटोप्या. सिस्टर सांगत होत्या, "राउंडला डॉक्टर आले तर म्हणाले, हे काय? अक्का म्हणाल्या, डॉक्टरसाहेब, तुमचं औषध तुम्ही द्या, माझं मी देते. आता सगळा वॉर्ड दूध प्यायला नको म्हणतो, दही पाहिजे म्हणतो. आम्हाला किट घातल्यावर पाणीसुद्धा पिता येत नाही, आणि या समोर बसून चमचे चाटतात."

"मग मी त्यांना काय सांगू?" मी विचारलं.

"सांगा की चालत नाही म्हणून." मग हळूच म्हणाल्या, "जेवतायत मात्र सगळ्या."

जिथं लोक श्वास मोजत पडले होते तिथं या बाई दूध उद्यासाठी राखून ठेवत होत्या. उद्या आहे असं त्या खोलीत दुसरं कोण म्हणत होतं?

अक्का घरी आल्या तेव्हा फाटकाचे बांबू निघाले होते. अर्ध्या झाल्या होत्या, आवाज तेवढा पूर्वीसारखा. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या तर म्हणाल्या, "मी काय केलं? झोपून होते." आत गेल्या. थोड्या वेळानं नळावर तीन ठोके.

खाली गेलो. त्यांनी दगडी नाकाशी धरली होती. "हिला दवाखान्याचा वास कशाचा?"

मी सगळं सांगितलं. म्याँवसकट. त्या ऐकत राहिल्या. फवाऱ्यापाशी आलो तेव्हा डोळे मिटून घेतले. शेवटी म्हणाल्या, "बरं झालं मी घरात न्हवते. मला बी फवारलं असतं तुम्ही." मग दगडी खाली ठेवून सावकाश विचारलं, "म्हंजे मी जे खाल्लं ते तिच्या घरचं?"

"हो."

"अकरा वर्षं चालवलं तिनं?"

"हो."

त्या मला जा म्हणायलाही विसरल्या, तेव्हा मी आपणच वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर वर्ग सुरू करणार होतो. खाली बघितलं तर अक्का भिंतीपाशी चालल्या होत्या, एक हात नळाला धरत धरत. पलीकडं मावशी भांडी घासत होत्या. अक्का येऊन उभ्या राहिल्या तरी त्यांनी मान वर केली नाही. हातातलं पातेलं मात्र थांबलं. मी मोबाइल खिशात टाकला. तिकडं वर्ग भरून वाट बघत होता, बघू दे म्हटलं.

अक्कांनी घसा साफ केला. "दूध कुणाकडचं घेतीस गं?"

पलीकडून उत्तर आलं. "त्योच गवळी हाय. म्हशीचं."

"अजून पाणी घालतो का?"

"घालतो की. मी तापवताना आटवते जरा."

"म्हणून काप सरळ पडतो," अक्का म्हणाल्या.

मावशी पातेलं ठेवून उठल्या. हात पदराला पुसले. "आंबट झालं होतं का?"

मी 'नव्हतं' म्हणून सांगितलेलं त्यांनी कधी खरं मानलंच नव्हतं.

"झालं होतं," अक्का म्हणाल्या. "तेवढंच जिभंला कळलं. न्हाईतर मी खाल्लंच नसतं."

दोघी उभ्या राहिल्या. काळ्या कुरडयांविषयी कुणी काही बोललं नाही, माफीविषयीही नाही. मावशींनी एकदा आकाशाकडं बघितलं, ऊन किती वर आलंय ते. "आजचं गोड लागलंय," त्या म्हणाल्या. "आणू का? दिवे लागायला अवकाश हाय."

त्या वाटी घेऊन आल्या आणि सवयीनं भिंतीवर ठेवायला गेल्या.

"तिथं नको," अक्का म्हणाल्या. "दारानं ये."